पंगतीत ‘नको’ कसं म्हणायचं: खाण्यावरून होणारी थट्टा आणि तिला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच गल्लीत चार तऱ्हेची ताटं असतात. एक घर जैन, त्याला लागून मराठ्यांचं, पलीकडं लिंगायतांचं, कोपऱ्यावर माळकऱ्यांचं. आणि आता बहुतेक घरांत कोणीतरी शुगरचा पेशंट आहे, नाहीतर वजन उतरवायला बसलेला एखादा पोरगा आहे. त्यामुळं लग्न असो, गावजत्रा असो की ऑफिसची पार्टी, तुमच्या ताटात काय नाही यावरून कोणीतरी बोलणारच. रोज तेच ऐकून माणूस जेवणाची आमंत्रणं टाळायला लागतो, आणि हे होऊ द्यायचं नसेल तर थोडी तयारी लागते.

आग्रह आणि थट्टा वेगळी करा

आपल्याकडं पाहुण्यानं दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि यजमानानं तिसऱ्यांदा वाढायचं, ही रीत आहे. पहिल्या नकाराला कोणी नकार समजतच नाही. म्हणून ‘घे की गा, एवढ्यानं काय होतंय’ म्हणणाऱ्या मामाच्या मनात बहुतेक वेळा काही वाकडं नसतं. पाहुणा उपाशी उठला असं उद्या कोणी म्हणू नये, एवढीच त्याची धडपड असते.

थट्टा करणाऱ्याला मात्र प्रेक्षक लागतात. तो तुमच्याशी बोलतो, पण बघतो इतरांकडं. ‘बघा, ह्यो पाला खायला आलाय’ हे वाक्य तुमच्यासाठी नसतंच. आग्रह करणाऱ्याला वाढायला काहीतरी दिलं की तो शांत होतो. थट्टा करणाऱ्याला बोलायला काही मिळालं नाही की तो शांत होतो. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की बिघडतं. मामावर चिडलात तर उगाच मन दुखावतं, आणि टिंगल करणाऱ्याला समजावत बसलात तर त्याला आणखी खाद्य मिळतं.

खरा ‘नको’ कसा ऐकू येतो

शिष्टाचाराचा ‘नको’ कसा असतो ते नीट आठवा. मान खाली, ओठांवर हसू, हात पत्रावळीवर अर्धाच आडवा, आणि शब्द दोनदा: ‘नको नको’, ‘पुरे पुरे’. हा नकार ऐकून वाढपी ओगराळं खाली करतोच. त्याची चूक नाही, त्याला तसंच शिकवलंय.

खरा नकार यापेक्षा वेगळा दिसला पाहिजे. वाढपी तुमच्यापासून दोन पानं अलीकडं असतानाच बोला, बादली समोर आल्यावर नको. त्याच्या डोळ्याला डोळा द्या, शब्द एकदाच उच्चारा, आणि त्याच दमात दुसरं काहीतरी मागा: ‘रस्सा नको, मला आमटी आणा.’ ‘जिलेबी नको, ताक द्या.’ या मागण्यानं निम्मं काम होतं, कारण वाढप्याला रिकाम्या हातानं परत जायचं नसतं. हात आडवा धरायचा तर पूर्ण तळवा पानावर धरा. बोटं उघडी ठेवून धरलेल्या हातावरूनही आपले लोक रस्सा ओततात.

पान रिकामं ठेवू नका. चालणारे दोन पदार्थ सुरुवातीलाच भरपूर घ्या आणि शेवटपर्यंत थोडे शिल्लक ठेवा. रिकामी वाटी दिसली की घरातली प्रत्येक बाई आणि प्रत्येक टिंगलखोर तिकडं वळतो.

गावजत्रा: सगळ्यात अवघड जागा

लक्ष्मी यात्रा कित्येक गावांत बऱ्याच वर्षांच्या अंतरानं येते. लेकी, जावई, व्याही सगळे बोलावले जातात आणि घराघरांत मटण शिजतं. वडगावच्या मंगाई यात्रेला किंवा गावाकडच्या कुठल्याही जत्रेला माळकरी माणूस गेला की एक वाक्य ठरलेलं: ‘माळ खुंटीला अडकव एक दिवस.’ दुसरं: ‘तुकडा नको तर नुसता रस्सा घे.’

यावर जत्रेच्या दिवशी उपाय शोधू नका, दोन दिवस आधी शोधा. आमंत्रण देणारा पुरुष आणि चुलीपाशी उभी असणारी बाई ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि फोन बाईला करायचा. ‘वहिनी, मी माळकरी आहे. माझ्यासाठी वेगळं काही करू नका, मटणाच्या आधी आमटी-भात बाजूला काढून ठेवा, तेवढं बास.’ या बोलण्यातले तिन्ही तुकडे कामाचे आहेत. पहिल्यानं अडचण कळते, दुसऱ्यानं तिच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, तिसऱ्यानं तिला नेमकं काय करायचं ते समजतं. नुसतं ‘मी शाकाहारी आहे बरं का’ एवढंच सांगितलंत तर तिला दिवसभर घोर लागतो, नाहीतर ती विसरते.

बाजूला काढून ठेवण्यावर जोर अशासाठी की बहुतेक घरांत शाकाहारी भांडं लहान असतं आणि ते आधी संपतं. मटण वाढणारे हातसुद्धा ‘आमटी घ्या की थोडी’ म्हणत तीच आमटी सगळ्या पंगतीला फिरवतात. आणि एकच ओगराळं दोन्ही भांड्यांत जातं. हे थांबवायचं असेल तर पहिल्या पंगतीला बसा. शेवटच्या पंगतीपर्यंत कुठलंच भांडं स्वच्छ राहत नाही.

‘नुसता रस्सा घे’ याला लांबलचक उत्तर देऊ नका. ‘रस्सा पण नाही, काका. तुम्ही मला चटणी-भाकरी द्या, ती मी दोन खातो’ असं सरळ म्हणा. काकांना तुम्ही दोन भाकरी खाताय हे ऐकायचं असतं. ते ऐकलं की बहुतेक वेळा विषय संपतो.

एका दिवसात चार घरं असतील तर हिशेब आधी करा. पहिल्या घरी अर्धी भाकरी, दुसऱ्या घरी अर्धी, तिसऱ्या घरी भात, चौथ्या घरी ताक आणि पान. पहिल्याच घरी पोटभर जेवून पुढं ‘पोटात जागा नाही’ म्हणालात तर ‘त्यांच्याकडं जेवला, आमच्याकडं नाही’ असं होतं, आणि ती थट्टा पुढं कित्येक वर्षं पुरते.

वाराची थाप मारू नका

‘आज माझा वार आहे’ हे आपल्याकडं सगळ्यात सोपं निमित्त. सोमवार, गुरुवार, शनिवार म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही. पण तुमचा वार खरंच नसेल तर हे निमित्त वापरू नका. बुधवारच्या बारशाला तेच लोक असतात, आणि ‘आता कुठला वार गा?’ हा प्रश्न चारचौघांत येतो. तिथून पुढं तुमचा खरा नकारसुद्धा थाप समजला जातो. श्रावणाचंही तेच. श्रावण पाळत असाल तर बेलाशक सांगा. पाळत नसाल तर महिनाभराची सुटका मिळते आणि भाद्रपदात दुप्पट आग्रह होतो.

कारण सांगायचं की नाही

आमचा सल्ला स्पष्ट आहे: पंगतीत कारण सांगू नका. दिलेलं प्रत्येक कारण समोरच्याला धरायला मूठ देतं. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटलं की ‘कुठला डॉक्टर? डॉक्टरला काय जातंय सांगायला?’ ‘वजन कमी करतोय’ म्हटलं की तुमच्या पोटाकडं दहा डोळे वळतात. ‘प्राण्यांना मारणं पटत नाही’ म्हटलं की ‘झाडाला जीव नसतो व्हय?’ आणि मग अर्धा तास तोच वाद, हातात घास तसाच. जेवायला बसलेल्या माणसाला तुमचं मत बदलायचं नसतं, त्याला गंमत हवी असते. कारणात गंमत सापडते, ‘मी घेत नाही’ यात सापडत नाही.

म्हणून वाक्य एकच ठेवा आणि दर वेळी तेच, त्याच शब्दांत म्हणा: ‘मी घेत नाही. तुम्ही जेवा निवांत.’ दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. शब्द बदललेत की समोरच्याला वाटतं, हा डळमळतोय, अजून जरा ढकलावं. तिसऱ्यांदाही तेच वाक्य आलं की ऐकणाऱ्यांनाच कंटाळा येतो, आणि प्रेक्षक कंटाळले की थट्टा करणारा दुसरं गिऱ्हाईक शोधतो.

खरंच जाणून घ्यायचं असलेला माणूस वेगळा ओळखू येतो. तो जेवण झाल्यावर, हात धुताना किंवा पान लावताना हळूच विचारतो. त्याला मोकळेपणानं सगळं सांगा.

ॲलर्जी असेल तर मात्र हा नियम उलटा करा आणि कारण मोठ्यानं सांगा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्या माणसासाठी आपला भाग कठीण आहे, कारण उसळीत कूट, वांग्यात कूट, चटणी शेंगदाण्याची, आणि तेलही कित्येक घरांत शेंगेचंच. इथं ‘मी घेत नाही’ पुरत नाही. ‘शेंगदाणा पोटात गेला तर माझा श्वास अडकतो, दवाखान्यात न्यावं लागेल’ असं स्वयंपाक करणाऱ्याला समोरासमोर सांगा आणि कुठल्या भांड्यात कूट नाही ते विचारून घ्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलेलं असेल तर ते खिशात ठेवा, आणि सोबतच्या एकाला ते कुठं आहे आणि कसं द्यायचं ते दाखवून ठेवा. यावर कोणी हसलं तर हसू द्या, पण त्याच्या हातचं काही घेऊ नका.

कुंदा, करदंट आणि शुगरचा पेशंट

बेळगावात गोड नाकारणं म्हणजे घरच नाकारल्यासारखं धरतात. कुंदा खवा आणि साखरेचा, त्यामुळं तो नको म्हटलं की लोक निदान समजून घेतात. करदंटाच्या बाबतीत ‘गुळाचं आहे, चालतंय’ हे हमखास ऐकायला मिळतं. गुळानंही रक्तातली साखर चढते, डिंक-सुकामेवा घातला म्हणून ती थांबत नाही. हे पंगतीत समजावून सांगायची गरज नाही, तुम्हाला स्वतःला माहीत असलं म्हणजे झालं.

घ्यायचंच ठरवलं असेल तर दुसऱ्याच्या हातानं घेऊ नका. चमचा स्वतः घ्या, ठरवलेलं तेवढं घ्या, आणि घेताना म्हणा, ‘हा माझा वाटा झाला.’ यजमानानं चमचा धरला की एकाचे तीन होतात. कोणी कुंद्याचा डबा भेट दिला तर आनंदानं घ्या, कपाळाला लावा, तिथं उघडू नका. घरी कोण खाईल ते तुमचं तुम्ही बघा.

थट्टेपेक्षा मोठा धोका उशिराच्या जेवणाचा आहे. मुहूर्त लांबतो, पंगती लांबतात, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस लाजेनं गप्प बसून राहतो. हात थरथरणं, घाम, चक्कर, चिडचिड सुरू झाली की साखर ७० मिलीग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली गेली असू शकते. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी चढली नसेल तर पुन्हा तेवढंच घ्या. तिथं कुंदा उपयोगाचा नाही, खव्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. ‘आता कशी साखर चालते गा?’ म्हणून कोणी हसेल. त्याला उत्तर देऊ नका, आधी पाणी प्या. आणि निघतानाच घरून थोडं खाऊन निघालात तर ही वेळच येत नाही.

संध्याकाळनंतर न जेवणारे

जैन घरांतली मुलं-मुली नोकरीला लागली की रात्रीच्या पार्टीत अडकतात. बेळगावात हिवाळ्यात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सातच्या सुमारास सूर्य मावळतो. आठ वाजताच्या जेवणाला बसायचं तर ताट रिकामंच राहणार. तिथं ‘उपास आहे काय?’ हा प्रश्न अटळ आहे. निमंत्रण घेतानाच सांगून टाका: ‘मी जेवून येतो, गप्पांना येतो.’ आणि खरंच गप्पांना या. जेवणाच्या वेळी कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या माणसाकडं सगळ्यांचं लक्ष जातं. वाढायला मदत करा, लोकांची ताटं बघा. वाढणाऱ्याला कोणी ‘तू का जेवत नाहीस’ विचारत नाही.

कांदा-लसूण-बटाट्याचा प्रश्न सदलगा, शेडबाळ, भोज अशा गावांत सांगावाही लागत नाही, सगळ्यांना माहीत असतो. शहरातल्या हॉटेलात मात्र ‘जैन’ म्हणून मागवलेल्या भाजीतही कांद्याचीच तयार ग्रेव्ही येऊ शकते. वेटरला ‘जैन आहे का’ विचारू नका, तो ‘हो’च म्हणतो. ‘ग्रेव्ही कशाची आहे’ विचारा.

ऑफिसच्या पार्टीसाठी हॉटेल ठरवायचं काम शक्य असेल तर स्वतःच अंगावर घ्या. लिंगायत खानावळीत जोंधळ्याची रोटी, भरलं वांगं, झुणका, शेंगदाण्याची चटणी मिळते, मांसाहार नसतो. सावजी खानावळीत मुख्य जेवण मटणाचं असतं. दोन्हीकडचे पदार्थ मिळणारं तिसरं ठिकाण निवडलंत तर कोणाचीच अडचण होत नाही आणि थट्टेचा विषय मुळातच निघत नाही. न पिणाऱ्यांनी एवढं करा: सगळ्यात आधी स्वतःचा ग्लास भरून घ्या, सोडा-लिंबू असो की नुसतं पाणी. भरलेल्या ग्लासात कोणी काही ओतत नाही.

कानडी पंगतीत

व्याही कानडी, शेजारी कानडी, साहेबही कानडी. तिथं मराठीतला नकार शिष्टाचाराचा वाटतो. पाच वाक्यं पाठ करा: ‘साक्री’ म्हणजे पुरे हो. ‘ब्याड्री’ म्हणजे नको हो. ‘ना मटन तिन्नंगिल्लरी’ म्हणजे मी मटण खात नाही. ‘स्वल्प हाक्री’ म्हणजे थोडं वाढा. आणि उठताना ‘ऊटा भाळ चलो आगेद्री’, जेवण फार छान झालंय. शेवटचं वाक्य पहिल्या तिन्हींचा कडकपणा धुऊन काढतं. प्रत्येक शब्दामागचा ‘री’ गाळू नका, तो गळला की वयानं मोठ्या माणसाला उद्धट वाटतं.

जिथं हसायचं नाही

सगळी थट्टा सारखी नसते. शाकाहारी कुटुंबातल्या मुलानं अंडी-मटण खायला सुरुवात केली की घरचे टोमणे मारतात. तिथंही वरच्यासारखंच एकच वाक्य ठेवा: ‘मी बाहेर खातो, घरात आणत नाही.’ घराचा नियम पाळा आणि स्वतःच्या निवडीबद्दल माफी मागू नका. मुलींच्या ताटाकडं बघून ‘एवढं खातीस व्हय?’ किंवा ‘सासरी कसं चालंल?’ म्हणणाऱ्या आत्यांना त्यांच्या नात्यानं हाक मारून, सगळ्यांच्या देखत, शांतपणे एकदाच सांगा: ‘आत्या, माझ्या जेवणावर नको बोलू.’ त्यानंतर लगेच त्यांच्याशीच दुसरं काही बोला. गप्प बसलात तर मनात अढी राहते. बोलत राहिलात तर घरात अबोला होतो.

पण एखाद्याच्या खाण्यावरून त्याची जात काढली जात असेल तर ती थट्टा नाही. ‘तुमच्यात काय काय खातात’ असं हसत विचारणारा माणूस तुम्हाला खाली दाखवत असतो, आणि तिथं हसणं म्हणजे त्याला साथ देणं. ताट ठेवा, उभे राहा, ‘हे मला चालणार नाही’ म्हणा, उठून जावंसं वाटलं तर जा. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा त्या जाती-जमातींबाहेरच्या कोणी चारचौघांच्या देखत जाणूनबुजून असा अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. काय शब्द वापरले, कोण कोण हजर होतं, किती वाजले होते, हे त्याच रात्री लिहून ठेवा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. पंगतीत बसलेल्या बाकीच्यांनीही अशा वेळी पानाकडं बघत राहू नये. पहिला शब्द तुम्ही बोललात तर ज्याचा अपमान झाला त्याला एकट्याला बोलावं लागत नाही.

यजमान असाल तर

निम्मी थट्टा यजमानाच्या हातात असते. आमंत्रण देतानाच विचारा, ‘तुमच्यात कोणाचं काही पथ्य, माळ, उपास?’ शाकाहारी आमटीचं भांडं मटणापासून लांब, शक्य तर वेगळ्या खोलीत ठेवा, त्याला स्वतःचं ओगराळं द्या आणि वाढायला एकच माणूस नेमा, जो मटणाच्या बादलीला हात लावणार नाही. वाढप्यांना पाहुण्याचं नाव सांगून ठेवा: ‘त्या काकांना रस्सा विचारू पण नका.’ माळकऱ्यांना आणि पथ्याच्या माणसांना वेगळी पंगत लावू नका, त्यांना सगळ्यांत बसवा, फक्त पहिल्या पंगतीला. आणि तुमच्याच घरचा एखादा भाऊ टिंगल करायला लागला तर त्याला वाढायच्या कामाला लावा. पंगतीतून उठून हातात बादली घेतली की त्याचं तोंड आपोआप बंद होतं.